डोंगरावरचे सहा गुंठे

भाच्याचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सहा वाजले होते. तो व्हर्जिनियात घर बघतोय. गेलं वर्षभर बघतोच आहे. "मामा, एक घर पसंत पडलंय. मागे ऐसपैस अंगण, पलीकडे ओढा. फक्त प्लॉटच्या नकाशावर कोपऱ्यात एक चौकोन आखलाय आणि आत 'सिमेट्री' लिहिलंय. एजंट म्हणतो, इकडे असतं असं. आईला मात्र इतक्यात सांगू नकोस."

एजंट थापा मारत नव्हता. व्हर्जिनियात शेताच्या बांधाला, जुन्या हवेल्यांच्या मागे, नव्या वसाहतींच्या पार्किंगलगत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एकेका घराण्याच्या कबरी आहेत. इंग्रजांची वसाहत होती तेव्हापासूनच्या. घरं विकली गेली, पाडली गेली, तंबाखूची शेतं जाऊन हमरस्ते आले, पण हे चौकोन जागचे हलले नाहीत. भाच्याला पडलेले प्रश्न कोणालाही पडतील असेच होते. घर घेतलं तर कबरी कोणाच्या? त्या हलवता येतात का? उद्या कोणी अनोळखी माणूस फुलं घेऊन दारात उभा राहिला तर त्याला आत घ्यायचं?

उत्तरं शोधायला अशा दफनभूमींपैकी सगळ्यात गाजलेली बघू. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावाजवळच्या डोंगरावर मॉण्टिचेलो नावाचं घर आहे, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी लिहिला. त्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ ही २५० वर्षं पुरी होण्याची तारीख, आणि नेमकी तीच जेफर्सन यांच्या मृत्यूला २०० वर्षं होण्याची. ते गेले ४ जुलै १८२६ रोजी. (त्याच दिवशी दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्सही गेले. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने काट मारली असती.) हा सोहळा म्हटला की जेफर्सन यांच्या कबरीचं नाव निघणार, आणि ते निघालं की जुना वादही निघणार: त्या कुंपणाच्या आत जागा कोणाला?

घराच्या मागे माणसं पुरायची कशाला?

इंग्लंडात मेलेल्या माणसाला गावच्या चर्चच्या आवारात पुरायची रीत होती. चर्च गावात, आवार चर्चला लागून, त्यामुळे अडचण नव्हती. व्हर्जिनियात १६०७ पासून वसाहत सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत सगळे तंबाखूच्या मागे लागले. तंबाखू जमीन खातो; चार-सहा पिकं काढली की माती दमते. म्हणून ज्याला जमेल त्याने नदीकाठी शेकडो एकर धरली. गाव असं काही वसलंच नाही. एका चर्चच्या हद्दीत, म्हणजे तिथल्या भाषेत एका पॅरिशमध्ये, मैलोन् मैल पसरलेली सुटी सुटी घरं. उन्हाळ्यात कोणी गेलं तर देह घेऊन कच्च्या वाटेने चर्च गाठेपर्यंत काय होईल ते सांगायला नको. मग घरचीच जागा बघायची. ह्यू जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाने १७२४ साली लिहून ठेवलंय की इथे पॅरिश फार मोठे असल्यामुळे लोक बागेत किंवा फळबागेत पुरतात. अख्खी कुटुंबं एका जागी विसावलेली असतात, भोवती नीटस कुंपण आणि सदाहरित झाडं असतात.

उत्तरेकडे, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला, असं झालं नाही. तिथे लोक गावं करून दाटीने राहिले आणि गावाची मिळून एक दफनभूमी झाली. धर्म जवळपास सारखा, पण शेतीची तऱ्हा निराळी, म्हणून मरणाचीही निराळी.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. दक्षिण महाराष्ट्रात लिंगायत कुटुंबं आपल्या माणसाला आपल्याच शेतात समाधी देतात. नांगर चालवताना तेवढा तुकडा चुकवायचा, हे घरातल्या पोराला शिकवावं लागत नाही.

त्या सदाहरित झाडांवरून एक गोष्ट. अशा जागी जमिनीवर पसरणारी, निळसर फुलांची एक वेल लावत असत. आपल्या सदाफुलीची ती चुलत बहीण. थंडीतही हिरवी राहते म्हणून कबरींवर लावायचे. घर गेलं, दगड पडले, कुंपण कुजलं, तरी ही वेल दोनशे वर्षं तशीच पसरत राहते. म्हणून व्हर्जिनियातल्या रानात ही वेल आणि जुने सीडर वृक्ष एकत्र दिसले की जाणकार थबकतो: इथे माणसं असणार. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला, त्या कोपऱ्यात निळी फुलं आहेत का. तो म्हणाला, बर्फ आहे.

एकरी एकोणपन्नास तास

मॉण्टिचेलोच्या दफनभूमीची सुरुवात एका मैत्रीतून झाली. जेफर्सन आणि डॅबनी कार हे शाळेपासूनचे दोस्त. डोंगरावरच्या एका ओकच्या झाडाखाली बसून दोघं वाचायचे. तिथेच त्यांचं ठरलं की जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने याच झाडाखाली पुरायचं. पुढे कारने जेफर्सन यांच्या बहिणीशी लग्न केलं. मे १७७३ मध्ये कार तापाने गेला, वय एकोणतीस, मागे बायको आणि सहा मुलं. जेफर्सन बाहेरगावी होते, म्हणून त्याला दुसरीकडे पुरलं होतं. परतल्यावर त्यांनी देह काढून ओकखाली आणवला. शब्द पाळला.

आता जवळून बघा. जेफर्सन यांना सगळं मोजून वहीत टिपायची सवय होती. त्या मे महिन्यातली नोंद अशी: दोन गड्यांनी दफनभूमीची ८० फूट बाय ८० फूट जागा, म्हणजे एकराचा सातवा हिस्सा, साडेतीन तासांत खणून साफ केली, म्हणजे एकट्याला सात तास लागले असते, म्हणजे एक एकर ४९ तासांत, चार दिवसांत होईल. लहानपणापासूनचा मित्र नुकताच गेलाय, त्याच्यासाठी जागा तयार होतेय, आणि हा गृहस्थ एकरी मजुरीचा हिशेब मांडतोय. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला होता. पण दुःखात आकडेमोड करत बसणारी माणसं आपल्याही घरात असतात, कोणी तेराव्याच्या पानांचा हिशेब धरून बसतं. ते एक वेळ समजू शकतो. मात्र त्या नोंदीत दुसरं एक आहे, त्याकडे नंतर येऊ.

एकराचा सातवा हिस्सा म्हणजे आपले जेमतेम सहा गुंठे. १७७६ मध्ये तिथे जेफर्सन यांची आई आली. १७८२ मध्ये बायको मार्था, तेहतिसाव्या वर्षी. तिच्या दगडावर त्यांनी होमरच्या महाकाव्यातल्या दोन ओळी कोरवल्या, त्याही मूळ ग्रीकमध्ये: मृतांच्या राज्यात मेलेले एकमेकांना विसरत असले तरी मी माझ्या माणसाला तिथेही विसरणार नाही, अशा अर्थाच्या. वाटसरूला कळू नयेत अशीच बहुधा इच्छा असावी. १८०४ मध्ये धाकटी मुलगी मरायाही तिथेच गेली.

स्वतःच्या दगडाचं चित्र जेफर्सन यांनी स्वतः काढून ठेवलं होतं. वर निमुळता होत जाणारा स्तंभ, त्यावर तीनच गोष्टी: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक, व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. यापलीकडे एक शब्द नको, अशी ताकीद. आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होतो, हे सांगण्यासारखं त्यांना वाटलं नाही. दगड मुद्दाम खरबरीत, हलका निवडा, म्हणजे किमतीच्या लोभाने कोणी फोडणार नाही, असंही लिहिलं होतं. लोकांनी किमतीसाठी फोडला नाहीच. आठवण म्हणून टवके काढून काढून नेला. शेवटी १८८२ मध्ये अमेरिकी संसदेने पैसे मंजूर केले आणि पुढच्या वर्षी नवा, मोठा स्तंभ उभा राहिला. जुना गेला मिसूरी विद्यापीठाला. आजही तो तिथे आहे.

डोंगर विकला, मग स्मशान कसं राहिलं?

जेफर्सन गेले तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. जानेवारी १८२७ मध्ये घरातलं सामान, गुरंढोरं आणि त्यांच्या मालकीची माणसं लिलावात निघाली. जाहिरातीत १३० गुलाम लिहिले होते. १८३१ मध्ये वारसांनी घर आणि भोवतीची जमीन विकली. खरेदीखतात मात्र त्यांनी दफनभूमी वगळली.

हा कायद्याचा खरा कळीचा मुद्दा, आणि आपल्या गावाकडे तो कोणालाही पटकन कळेल. भाऊबंदांपैकी एकजण शेत विकतो पण विहिरीतला आपला हिस्सा राखून ठेवतो. शेत दुसऱ्याचं झालं, तरी विहिरीपर्यंत जायची वहिवाट त्याचीच राहते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात अशा गोष्टी नोंदलेल्या असतात, आणि जमीन घेणारा शहाणा असेल तर आधी तो रकाना वाचतो. व्हर्जिनियात जमीन विकताना कुटुंबं दफनभूमी आणि तिथे जायची वाट अशीच राखून ठेवत. त्यानंतर जमीन कितीही हातांतून गेली तरी तो तुकडा त्या घराण्याचा.

मॉण्टिचेलो खरंच बऱ्याच हातांतून गेलं. १८३४ मध्ये यूराया लेव्ही या ज्यू नौदल अधिकाऱ्याने ते घेतलं. धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्याला आदर होता आणि पडझड झालेलं घर त्याने आणि पुढे त्याच्या पुतण्याने सांभाळलं. १९२३ मध्ये एका विश्वस्त संस्थेने ते विकत घेतलं. आज तिकीट काढून आपण बघतो ते या संस्थेचं. दफनभूमी मात्र संस्थेची नाही. ती जेफर्सन यांच्या वंशजांनी १९१३ मध्ये स्थापन केलेल्या 'मॉण्टिचेलो असोसिएशन'ची आहे. भोवती लोखंडी कुंपण, दाराला कुलूप. आतमध्ये आजही दफनं होतात. डोंगर संग्रहालय झाला तरी तो तुकडा चालता राहिलाय.

लेव्हीची आई रेचल १८३९ मध्ये त्याच डोंगरावर गेली. तिची कबर जेफर्सन कुंपणाच्या आत नाही, घराजवळच्या गुलामांच्या झोपड्यांच्या वाटेवर एकटी आहे. मालक असूनही लेव्हीला ते कुंपण आपलं नव्हतं, कारण खतात तसंच लिहिलं होतं.

"पण जागा माझी, मग पाहुणे का येऊ द्यायचे?"

भाच्याचा हाच आक्षेप होता, आणि रास्त होता. खतात काही राखून ठेवलेलं नसेल तर? तरीही व्हर्जिनियाचा कायदा सांगतो की तुमच्या खासगी जागेत कबरी असतील तर तिथे पुरलेल्यांच्या नातलगांना आणि वंशजांना, तसंच वंशावळ शोधणाऱ्यांना, येऊ देणं हे तुमचं कर्तव्य. त्यांनी आधी पुरेशी सूचना द्यायची, वाजवी वेळेला यायचं, गवत काढायचं, फुलं ठेवायची, जायचं. हवी तिथून गाडी घालायचा हक्क त्यांना नाही.

कबरी हलवता येतात का? येतात, पण न्यायालयाची परवानगी काढून, कागदपत्रं करून. ट्रॅक्टर फिरवून, "आम्हाला दिसलंच नाही" म्हणून, नाही. तसं म्हणणारे पुष्कळ झाले, हेही खरं.

म्हणजे भाच्याला जमीन मिळेल, तिच्यावर करही भरावा लागेल, आणि वर्षातून एखादे वेळी कोणी पिंपळवृक्षासारखी जुनी बाई नातीचा हात धरून अंगणातून चालत जाईल. मी त्याला म्हटलं, आपल्या गावच्या घराच्या परसात दुसऱ्या भावकीची घुमटी आहे, दर अमावास्येला कोणीतरी नारळ घेऊन येतंच की. तो म्हणाला, ते वेगळं. का वेगळं, ते मात्र त्याला सांगता येईना.

वारस म्हणजे नक्की कोण?

इथवर प्रश्न जमिनीचा होता. इथून पुढे गुंता आहे.

दफनभूमी वंशजांची, हे ठीक. वंशज कोण, हे कोण ठरवणार? जेफर्सन दांपत्याला झालेल्या सहा मुलांपैकी मोठ्या झाल्या त्या दोनच मुली. असोसिएशनचे सभासद या दोन मुलींच्या वंशातले. म्हणजे या घराण्याचा वारसा चालला तो सगळा लेकींकडून. जेफर्सन आडनाव कोणाचंच नाही.

पण मॉण्टिचेलोत सॅली हेमिंग्ज नावाची एक स्त्री गुलाम म्हणून राहत होती. ती जेफर्सन यांच्या बायकोची सावत्र बहीण होती, कारण दोघींचा बाप एकच, जॉन वेल्स. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. बाप गोरा जमीनदार असला तरी गुलाम आईचं मूल गुलाम. म्हणून एकाच माणसाची एक मुलगी घराची मालकीण झाली आणि दुसरी तिच्याकडे वारशात आली. या कायद्याचा मालकांना केवढा फायदा होता, ते फोड करून सांगायला नको.

सॅलीला सहा मुलं झाली, चार मोठी झाली. बाप जेफर्सनच, अशी कुजबुज त्यांच्या हयातीतच छापून आली होती. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात आपली हकीकत सांगितली, बापाच्या नावासकट. गोऱ्या नातवंडांनी मात्र बोट दुसरीकडे दाखवलं: मुलं जेफर्सन यांची नव्हेत, त्यांच्या भाच्यांची, पीटर किंवा सॅम्युअल कारची. ओकच्या झाडाखाली पहिला पुरलेला डॅबनी कार आठवतो ना? हे त्याचे मुलगे. शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ही कहाणी मान्य केली. घरच्यांचा शब्द होता, आणि गुलामाच्या मुलापुढे घरच्यांचा शब्द मोठा.

आडनावासारखा चालणारा धागा

१९९८ मध्ये डीएनए तपासणी झाली. डीएनए म्हणजे पेशीत असलेली आईबापांकडून आलेली लेखी शिदोरी. तिच्यातला एक तुकडा, वाय गुणसूत्र, फक्त बापाकडून मुलाकडे जातो, जवळजवळ न बदलता. आपल्याकडे आडनाव जसं बापाकडून मुलाकडे जातं तसंच. मुलीकडे हे गुणसूत्र जातच नाही.

अडचण अशी की जेफर्सन यांचा मुलगा जगलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या मान्य वंशात हा धागा सापडणं शक्य नव्हतं. म्हणून संशोधकांनी त्यांच्या सख्ख्या काकाच्या पुरुषवंशातले लोक शोधले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या पुरुषवंशातला एकजण शोधला. कार कुटुंबाचेही नमुने घेतले. एस्टनच्या वंशजाचा धागा जेफर्सन घराण्याशी जुळला. कारांशी जुळला नाही. शंभराहून जास्त वर्षं ज्या भाच्यांवर आळ होता, एस्टनच्या बाबतीत तरी त्यांचा डाग पुसला गेला. त्यांच्या बापाची कबर मात्र अजून त्याच कुंपणात पहिल्या क्रमांकाची.

"पण भाऊही असू शकतो ना?"

असू शकतो, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाय गुणसूत्र घराणं सांगतं, व्यक्ती नाही. टॉमस जेफर्सन यांना रँडॉल्फ नावाचा धाकटा भाऊ होता. त्याचाही धागा तोच. काही अभ्यासक आजही याच शक्यतेला धरून आहेत.

म्हणून डीएनए एकटा पुरत नाही, बाकीचा पुरावा शेजारी ठेवावा लागतो. जेफर्सन वर्षाचे कित्येक महिने बाहेर असत, आणि ते कधी कुठे होते हे त्यांच्याच नोंदींवरून कळतं. सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी ते मॉण्टिचेलोत होते. ते नसताना तिला दिवस गेल्याचं एकही उदाहरण नाही. तिच्या मोठ्या झालेल्या चारही मुलांना गुलामीतून सुटका मिळाली. दोघं १८२२ मध्ये निघून गेली, कोणी पाठलाग केला नाही, आणि दोघांना मृत्युपत्राने मोकळं केलं. आणि भाऊ रँडॉल्फचं नाव १९९८ पर्यंत या बाबतीत सहसा कोणी घेतलंच नव्हतं. कार बाद झाल्यावर ते पुढे आलं. मॉण्टिचेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० मध्ये हे सगळं तपासून निष्कर्ष काढला की एस्टनचे वडील टॉमस जेफर्सन असण्याची शक्यता फार मोठी, आणि बहुधा सहाही मुलांचे तेच. मला स्वतःला हे पटतं.

पटलं तर एक गंमत उरते. जेफर्सन यांचा आडनावासारखा चालणारा धागा, तो वाय, जगात कुठे टिकला असेल तर तो हेमिंग्ज वंशात. कुंपणाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात तो असूच शकत नाही, कारण ते सगळे लेकींचे वंशज.

"खासगी जागा आहे, त्यांची मर्जी"

२००२ मध्ये असोसिएशनने मतदान घेतलं: हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घ्यायचं का? करून घेतलं तर दफनभूमीत जागेचा हक्कही आला. निकाल ७४ विरुद्ध ६, नकार.

कायद्याने त्यात खोट काढता येत नाही. खासगी संस्था, खासगी जमीन, पुरावा शंभर टक्के नाही. जागा अपुरी आहे, हेही कारण होतं, आणि सहा गुंठ्यांपासून सुरू झालेल्या जागेबाबत ते खोटं नाही. पण एक विचारावंसं वाटतं. लेकीच्या पोटी जन्मलेल्या सातव्या पिढीतल्या माणसाकडे तरी शंभर टक्के पुरावा काय असतो? लग्नाची नोंद, बाप्तिस्म्याची नोंद, बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर आजीने लिहिलेली नावं. ती नोंद ठेवायची मुभा ज्यांना होती त्यांचं घराणं कागदावर आलं. गुलामांना कायदेशीर लग्नच करता येत नव्हतं. मग कागद कुठून आणायचा? कुळाच्या नोंदीत नाव नाही म्हणून कूळ नाही, हे भांडण आपण कसेल त्याच्या जमिनीच्या वेळी गावोगाव बघितलंय.

सॅलीची कबर कुठे आहे ते माहीत नाही. ती १८३५ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये गेली, एवढंच.

डोंगराच्या पायथ्याशी, पार्किंगजवळ

जेफर्सन यांच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती, त्यातली सुमारे चारशे मॉण्टिचेलोत राहिली. ती मेल्यावर कुठे गेली? बराच काळ कोणी विचारलं नाही. पार्किंगजवळच्या झाडीत काही ओबडधोबड दगड उभे होते. २००१ च्या सुमारास पुरातत्त्ववाल्यांनी तिथे तपास केला.

कबर न उकरता कबर कशी कळते? कुंडी उपटून पुन्हा भरलेली आठवा: वरची काळी माती आणि खालची लाल माती कालवली जाते, पहिल्यासारखी कधीच बसत नाही. व्हर्जिनियात वरचा थर काळसर आणि खाली लाल चिकणमाती. वरची थोडी माती हलक्या हाताने सरकवली की खालच्या लाल मातीत माणसाच्या लांबीचे मिसळलेल्या रंगाचे आयत दिसतात. बस, तिथेच थांबायचं, मोजायचं, परत झाकायचं. आत कोणी हात घालत नाही. असे बरेच आयत सापडले; तिथे चाळीसच्या वर कबरी असाव्यात असं मानतात. काही इतके आखूड की मुलांचेच असणार. दगड आहेत, पण एकावरही अक्षर नाही. वर ग्रीकमधला होमर, खाली मुका दगड, आणि मध्ये चालत जाण्याएवढं अंतर.

चारशे माणसं आणि चाळीस कबरी. म्हणजे डोंगरावर आणखीही कुठेतरी असाव्यात.

आणि हे सगळं वेगळंही होऊ शकलं असतं. कार जाण्याच्या दोन वर्षं आधी, १७७१ मध्ये, जेफर्सन यांनी वहीत दफनभूमीचा बेत लिहिला होता. जुन्या ओकांमध्ये, शांत जागी, जवळ झरा. निम्मी जागा स्वतःच्या कुटुंबाला, निम्मी परक्यांना आणि नोकरांना. नोकर म्हणजे गुलाम, त्या काळी सभ्य भाषेत तसंच म्हणत. एखाद्या विश्वासू नोकराच्या कबरीवर खडबडीत दगडांचा पिरॅमिड आणि त्यावर लेख, असंही लिहिलं होतं. बेत कागदावर राहिला. दोन वर्षांनी जागा साफ झाली ती पूर्ण कुटुंबाची.

आपल्याकडच्या गोऱ्यांच्या कबरी

सहज एक तुलना. सुरतेच्या इंग्रज कबरस्तानात जॉर्ज ऑक्झिंडेनची मोठी घुमटदार कबर आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. १६६९ मध्ये गेला आणि दहा वर्षं आधी गेलेल्या भावाच्या, ख्रिस्तोफरच्या, सोबत त्याच इमारतीत पुरला गेला. दोन भाऊ, एक घुमट. पण घराण्याची दफनभूमी काही ती झाली नाही. कंपनीची माणसं इथे नोकरीला येत, मरत किंवा परतत. पिढ्यान् पिढ्या जमीन धरून राहिली नाहीत. त्यामुळे इथल्या गोऱ्या कबरींवर हक्क सांगायला, भांडायला, कुलूप लावायला सहसा कोणी उरलं नाही. व्हर्जिनियात दोन्ही बाजू उरल्या, मालकांचीही आणि गुलामांचीही, म्हणून तिथे भांडण जिवंत आहे.

जायचं असेल तर

भाच्याने ते घर घेतलं नाही. कबरींमुळे नाही, कर्जाचा व्याजदर वाढला म्हणून. पण वसंतात तो बायकोला आणि आईला घेऊन मॉण्टिचेलोला गेला, आणि जाण्याआधी त्याने विचारलं काय बघू. मी सांगितलं ते इथेही सांगतो.

वर जाताना बसने जा. घर बघा, भिंतीतलं घड्याळ बघा, सगळे बघतात ते बघा. परतताना मात्र बस घेऊ नका, झाडीतून पायवाटेने उतरा. थोड्या वेळात उजेडातलं लोखंडी कुंपण येईल. दार बंद असेल, गजांतून स्तंभ दिसेल. तसंच खाली उतरत राहा, पार्किंगपर्यंत. झाडीत ते दगड आहेत, लक्ष नसेल तर चुकतील. तिथे कुलूप नाही.

आणि ती वहीतली नोंद, जिच्याकडे नंतर येऊ म्हटलं होतं. दोन गडी, ८० फूट, साडेतीन तास, एकरी ४९. जेफर्सन यांनी सगळं लिहिलं. त्या दोघांची नावं लिहिली नाहीत.